रिकामा पहिला ठोका

आमचे बाबा तरुणपणी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. बँडनं एकच अल्बम काढला आणि मग जो तो पोटापाण्याला लागला. अल्बम मात्र टिकला. अजूनही शौकीन लोक तो जुन्या रेकॉर्डच्या दुकानात हुडकत येतात. मीही ड्रमरच झाले, धाकटा भाऊ बेस गिटार वाजवतो. हा अख्खा अल्बम रेगेमध्ये, म्हणजे जमैकाच्या त्या डुलत्या तालात, नव्यानं वाजवायचा, हे खूळ माझंच. बाबांचे कान शाबूत आहेत तोवर त्यांना तो ऐकवायचा होता.

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. रॉकमध्ये पहिला ठोका दणदणीत वाजवायचा असतो. रेगेमध्ये ड्रमर नेमका तोच गाळतो. तिथे नुसती शांतता, सगळा भार तिसऱ्यावर. "पहिलाच काढून घेतलास तर माणूस उभा कशावर राहील गं?" ते म्हणाले. मी म्हटलं, डुलत राहील, दुसरं काय. उलट उत्तर द्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

आमचा स्टुडिओ एका छापखान्याच्या तळघरात आहे. वर यंत्रं सुरू झाली की जमीन थरथरते, म्हणून आम्ही सुटीच्या दिवशी सकाळीच जायचो. पहिलं गाणं झकास झालं. बाबांना ऐकवलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी ते जिन्यात पडले. पहिली पायरी सोडून पाय थेट दुसरीवर टाकायला गेले होते. डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. पुढचं गाणं झालं आणि ते शर्टाचं पहिलं बटण लावेनासे झाले. त्याच्या पुढचं झालं आणि वाक्यातला पहिला शब्द गळायला लागला. "कुठे ठेवलास?" असं विचारायचे, काय, ते आपण ओळखायचं. आई म्हणाली, लग्न झाल्यापासून हा माणूस मोजकंच बोलतो, आता त्यातही काटकसर. आम्ही हसलो. वय झालं की होतंच थोडंफार, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण ती काही मनाला पटली नाही.

एका गाण्यातला जुना तुकडा नीट ऐकायचा म्हणून मी घरातली मूळ रेकॉर्ड लावली. गिटार होती, गाणाऱ्याचा तो फाटका आवाजही होता. बाबांचे पहिले ठोके तेवढे नव्हते. कॉम्प्युटरवर घेऊन पाहिलं, तर त्या प्रत्येक जागी आवाजाची रेघ सरळ सपाट. दुकानात जाऊन दुसरी प्रत ऐकली. तीही तशीच. दुकानदार म्हणाला, "असंच आहे की हे. पहिल्यापासून."

त्या संध्याकाळी मी बाबांपुढे चहा ठेवला. त्यांनी कप उचलला आणि भावाला म्हणाले, "आणलास? बरं केलंस." मी म्हटलं, बाबा, चहा मी आणलाय. त्यांनी मान वळवली. रिकाम्या खुर्चीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भावाशी बोलायला लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरातलं पहिलं मूल मी आहे.

सकाळी उठून भावाला ओढतच स्टुडिओत नेलं. केलेलं सगळं पुसून टाकायचं, आणि गाणी जशी होती तशी वाजवायची, बाबांनी मला शिकवली तशी. भावानं वाद घातला नाही. सगळं पुसलं. मी ड्रमवर बसले.

पायाशी असलेल्या मोठ्या ड्रमचं पेडल दाबलं. हातोडी कातड्यावर बसली. तिचा हादरा माझ्या नडगीत जाणवला. आवाज आला नाही.

दुसरा ठोका वाजला. तिसरा वाजला. चौथाही.

पहिला नाही.

मी सगळा जीव पायात आणला. हातोडी वाकली.

"सुरू कर ना, ताई," काचेपलीकडून भाऊ म्हणाला. "कधीचा थांबलोय."

मी उठले आणि घराकडे धावत सुटले.

बाबा खिडकीपाशी बसले होते, आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी जमिनीवर बसून बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हटलं, बाबा, मी आलेय. बघा तरी. पुन्हा म्हटलं.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. मग आईला म्हणाले, "पहिलं मूल जगलं असतं, तर आज केवढं असतं गं?"

आईचा हात घडीवरच थांबला.

"मुलगी होती," ती म्हणाली.

माझ्या मागोमाग आलेला भाऊ दारात चपला काढत होता. त्याचा चेहरा उतरला. "मला कधी बोलला नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

बाबांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि गार पडलाय म्हणून चोळत बसले.