बॉयलरचा चार्ज

ठाण्याला खाडीकाठी ती कापडाची गिरणी होती ना, पोरांनो, तिथं आता काय काय झालंय ते तुम्हीच जास्त जाणता. खाली मॉल, मध्ये ऑफिसं, वर खाडी दाखवणारे फ्लॅट. आपल्या खोपटच्या चाळीतला नाथा तिथंच रात्रपाळीला वॉचमन होता. तरुणपणी ज्या गेटातून ताठ मानेनं कामाला जायचा, त्याच गेटावर म्हातारपणी गाड्यांना सलाम ठोकायचा. पोट सगळं करायला लावतं.

गेल्या पौषातली अमावास्या. बारा वाजून गेले असतील. वरच्या मजल्यावरून तक्रार आली, नळाला पाणी नाही. नाथा वॉकीटॉकी घेऊन मोटर लावायला बेसमेंटात उतरला.

मोटर लावली, परत फिरला, तर अंगाला घाम. एवढ्या थंडीत, जमिनीखाली, चुलीपुढं बसल्यासारखी धग. खांबाआड कुणीतरी खोकलं.

"कोण रे तिकडे?"

"आलास का नाथा? लई उशीर केलास."

आवाज मारुतीचा होता. बॉयलरवरच्या मारुतीचा.

आता हा मारुती कोण, ते सांगायला हवं. गिरणीत एक रीत होती. पेटता बॉयलर सोडून जायचं नाही. रिलीव्हर यायचा, 'चार्ज घेतला' म्हणायचा, मगच आधीच्या माणसानं घर गाठायचं. मारुतीचा रिलीव्हर म्हणजे नाथा. ज्या रात्री मालकानं न सांगता गिरणीला टाळं ठोकलं, त्या रात्री नाथा गेटाबाहेर बोंबलत होता, "अहो, आत बॉयलरवर माणूस आहे! मला आत सोडा!" नाही सोडलं. मारुती जागचा हलला नाही. पहाटे बॉयलर फुटला. उचलून न्यावं असं काही उरलं नाही. मालक म्हणाला, पाळी संपल्यावर तो थांबलाच कशाला? त्याच्या बायकोला, रखमाबाईला, भेटायलासुद्धा कुणी आलं नाही. असल्या माणसाचं तळपट व्हायचं, तर त्याचे टॉवर झाले.

खोकला ऐकला तेव्हाच भीतीनं नाथाची मूठ आवळली होती आणि वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं. म्हणून तर गेटावरच्या दुसऱ्या वॉचमनला, चिरागला, हे सगळं ऐकू गेलं.

"डोळे जळतात रे... रखमा जागी असंल. घे ना चार्ज."

पळता आलं असतं. रॅम्प समोरच होता. वर उजेड होता. घरी बायको होती, हेमा. पण दोन घोट पोटात गेले की नाथा एकच रडगाणं लावायचा, हे चाळीत कुणाला ठाऊक नाही? मारुतीला सोडवायला मी पोचलो नाही...

"मारुतीदादा..."

"बोल."

नाथाच्या बुटांचा आवाज एक पाऊल पुढं सरकला.

"बोल रे. थकलो आता."

मोटरीचा आवाज बंद पडला.

"घेतला," नाथा म्हणाला. "जा घरी."

मग वॉकीटॉकीवर नुसती खरखर. मग तीही नाही.

चिराग धावत खाली गेला. कुणी नव्हतं. भिंती गारठलेल्या. सुपरवायझरनं वर कळवून टाकलं, म्हातारा ड्यूटी सोडून पळाला. संपला विषय.

हेमाला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. उजाडता उजाडता तिच्या दारात रखमाबाई उभी. हातात मारुतीचा डबा. गिरणीला टाळं लागलं त्या रात्री त्याच्यासोबत गेलेला. आज पहाटे तिला आपल्या घराच्या उंबऱ्यावर सापडला होता. घासून, धुऊन ठेवलेला.

"मावशी, बाहेर का उभ्या? आत या," हेमा म्हणाली. "चहा टाकते. हे पण येतीलच इतक्यात."

रखमाबाईला बॉयलरची रीत ठाऊक होती. आपला सुटला म्हणजे कुणाचा तरी अडकला. तिला आत पाऊल टाकवेना. डबा छातीशी धरून ती नुसती रडत राहिली.

काय झालं ते हेमाला कळेना. तिनं डबा घ्यायला हात पुढं केला...

डबा कोमट होता, बॉयलरवरून आत्ताच उतरवल्यासारखा.