आतली कडी

गुरुवारी दुपारी भार्गवी प्रूफ वाचायला छापखान्यात निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत लाल शाईचं पेन होतं, डब्यात चित्रान्न होतं आणि मनात एक चोरी होती. पेन आणि डबा नेहमीचेच. चोरी मात्र सव्वीस वर्षांच्या आयुष्यातली पहिलीच.

हणमंतकाकांच्या पुस्तकाचा शेवट तिने स्वतः लिहिला होता.

हणमंतकाकांना न ओळखणारं मराठी पोर त्या काळी बंगळुरात सापडलं नसतं. ‘तळ्याखालचं शहर’ या त्यांच्या मालिकेचे चार भाग पोरांनी वाचून वाचून खिळखिळे केले होते. इथली तळी बुजवून मैदानं केली, बसस्टँड केले. पण त्या प्रत्येक तळ्याखाली दुसरं एक शहर अजून जागं आहे, आणि जे. पी. नगरातून बसने शाळेत जाणारी चौदा वर्षांची सिद्धी त्याच्या दाराची राखणदार, अशी ती गोष्ट. पहिला भाग वाचला तेव्हा भार्गवीही चौदाचीच होती. पुढे महिनाभर ती बसस्टँडवर पाय जपून टाकत असे. साध्यासुध्या वाक्यांनी माणसाची झोप उडवायची आणि उडवता उडवता त्याला धीरही द्यायचा, हे त्या माणसालाच जमत होतं. मोठेपणी ती त्यांची प्रुफं वाचायला लागली, तेव्हा आपल्याला देव्हाऱ्यात बसायला जागा मिळाली असंच तिला वाटलं होतं.

पाचवा भाग शेवटचा. सिद्धीने दार कायमचं बंद करायचं, इथवर काका पोचले आणि त्यांनी अंथरूण धरलं. दवाखान्यात त्यांनी भार्गवीचा हात धरून वचन घेतलं. “शेवटची पानं मी देईन. उशीर होईल, पण देईन. दुसऱ्या कुणाची एक ओळसुद्धा त्यात नको.” ती हो म्हणाली. चौथ्या दिवशी काका गेले. पानं आली नाहीत.

प्रकाशक उल्हास तसा वाईट माणूस नव्हता. “पोरांची पत्रं बघ ढीगभर. सिद्धी जगते का, एवढंच विचारतायत. तूच लिही तीन पानं. कुणाला कळणार आहे?”

वर्षभर तिने दाद दिली नाही. मग लिहिली. सिद्धी दार ओढून घेते, बाहेरून कडी घालते आणि घरी जाऊन आईच्या हातचा गरम भात खाते. दिलेलं वचन मोडत होतं, पण पोरांना एवढं तरी द्यायला हवं होतं.

छापखाना चिकपेटेच्या मागच्या बोळात होता. तिथेही पूर्वी तळं होतं म्हणे. खोलीच्या मधोमध फरशीत एक लोखंडी झाकण होतं. खाली जुनी विहीर. छापखान्याचं दार सताड उघडं असलं तरी काका आधी अंगठीने चौकटीवर तीनदा टकटक करत, मगच आत पाऊल टाकत. भार्गवी आत शिरली आणि नेमके दिवे गेले; बोळातल्या त्या खोलीत दुपारीही अंधारच असे. हयवदनने मेणबत्ती लावली.

हयवदन म्हणजे तिथला खिळे जुळवणारा. बाहेर संगणकावर पुस्तकं व्हायला लागली होती, पण हा गडी अजून शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ रचायचा. गंमत म्हणजे त्याला मराठी बोलता येई, पण वाचून कळत नसे. अक्षरं ओळखायची, हस्तलिखितात दिसेल तो खिळा उचलायचा, संपलं. म्हणून काका त्याच्यावर खूश असत. “हा माझं वाक्य सुधारायला जाणार नाही,” म्हणत. त्याच्या चुका व्हायच्या त्या अक्षरांच्या. ‘घ’च्या जागी ‘ध’, एखादी वेलांटी उलटी. वाक्याची चूक त्याच्याकडून होणंच शक्य नव्हतं.

“घ्या अक्का, शेवटचं प्रूफ,” तो म्हणाला. “स्वल्प ओलं आहे.”

प्रूफ ओलसर कागदावरच काढतात, त्यात नवल नव्हतं. पण या कागदाला शाईचा वास नव्हता. शेवाळाचा होता... साचलेल्या, खोल पाण्याचा.

भार्गवी वाचायला लागली. पहिली ओळ तिची नव्हती. दुसरीही नव्हती.

सिद्धी बाहेरून दार ओढत होती आणि दार पुन्हापुन्हा उघडत होतं, कारण त्याला बाहेरून कडीच नव्हती. कडी आतून होती. कुणीतरी आत राहायला हवं होतं. सिद्धीने उंबऱ्यावर पाय ठेवला, तेवढ्यात अंधारातून एका म्हाताऱ्याने तिला हलकेच बाहेर लोटलं. ‘तू घरी जा, बाळ. तुला इथवर मीच आणलं होतं.’ दार मिटलं. आतून कडी पडली. सिद्धी कितीतरी वेळ दाराला हात लावून उभी राहिली. मग तिला भूक लागली.

मग तिला भूक लागली! भार्गवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हे वाक्य दुसरं कोण लिहिणार? आपला गरम भात किती खोटा होता, ते तिला त्या चार शब्दांत कळलं. भीती वाटायच्या आधी तिने मनोमन हात जोडले.

भीती मग आली.

“हयवदनअण्णा... हे कशावरून जुळवलंत?”

“तुमच्या कागदावरून.” त्याने तिचीच तीन पानं पुढे केली. त्यात सिद्धी भात खात होती. “बघून बघूनच लावलं, अक्का. देवाशप्पथ.”

त्याने खिळ्यांच्या लाकडी पेटीचे कप्पे उघडले आणि तसाच उभा राहिला. तीन पानांचा मजकूर जुळवला की कप्पे निम्मे रिकामे व्हायचे. आता ते काठोकाठ भरलेले होते.

“मग हे खिळे कुठले...?” तो पुटपुटला.

भार्गवीने मेणबत्ती उचलली आणि जुळवलेला मजकूर ठेवलेल्या तबकावर, गॅलीवर, धरली. खिळे ओले होते. उलटी अक्षरं वाचायची तिला सवय होती. शेवटच्या ओळीखाली तिला आणखी एक ओळ दिसली. त्या ओळीचे खिळे कागदाच्या जाडीएवढे खाली बसलेले होते, म्हणून त्यांना शाई लागली नव्हती आणि प्रुफात ती उमटली नव्हती.

तिने बोट फिरवत ती उजवीकडून डावीकडे वाचली.

‘भार्गवी, दार वाजलं तर उघडू नकोस. मी असलो तरी.’

“काय लिहिलंय, अक्का?” हयवदनने विचारलं.

खोलीतलं जड टेबल भार्गवीने दोन्ही हातांनी ढकलत झाकणावर आणलं, आणि ती त्यावर चढून बसली. हयवदन बघतच राहिला.

“छापा,” ती म्हणाली. “आहे तसंच छापा. एक अक्षर बदलायचं नाही.”

“सरी, अक्का,” त्याने मान डोलावली.

बोळातून सायकलची घंटी गेली. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. आणि मग तिच्या पायांखाली, झाकणाच्या आतल्या बाजूने, अंगठीने तीनदा टकटक झाली.

“भार्गवी,” काकांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, थोडा दमलेला. “पानं आणलीयेत गं... उघड.”