बाई मागे राहतायत

आधीच सांगतो, यात रात्र नाही. लाईट गेली नाही, कुत्रं रडलं नाही. लख्ख उजेड होता आणि आजूबाजूला माणसं आइस्क्रीम खात होती.

म्हणूनच मला ही गोष्ट खोटी म्हणता येत नाही.

हे माझ्या काकांच्या बाबतीत घडलं. काका म्हणजे माझ्या मावशीचे मिस्टर. मागच्या थंडीतला रविवार होता. मी तिथे नव्हतो. पण एकदा काकांकडून ऐकलं, एकदा त्यांच्या मुलीकडून, म्हणजे ताईकडून ऐकलं, आणि दोन्ही अगदी तंतोतंत जुळलं.

काका पोस्टमन होते. जन्मभर चालले. चालणं कसलं, पळणंच ते. रिटायर झाले तरी पायाची चाकं निघाली नाहीत.

मावशी कायम मागे. तिचा गुडघा दुखायचा. मधेच थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची आणि भर रस्त्यात ओरडायची, "अहो, टपाल वाटायला निघालात का? बायको आहे बरोबर!"

काका थांबायचे, पण कंबरेवर हात ठेवून. मग तीच म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे. मी आलेच."

दवाखान्यातही हेच म्हणाली. ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवरून. "चहा तरी घेऊन या. तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

काका चहाला गेले...

ती आली नाही.

आता त्या बंगल्याचं. गावाबाहेर एका बड्या घराण्याचा जुना बंगला आहे, मागे मोठी बाग. आता तिकीट काढून कुणीही बघतं. मावशीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याचा फोटो होता. वर्ष संपलं तरी तिने ते पान भिंतीवरून काढलं नाही. "एकदा ती बाग बघायचीय हो." दर रविवारी म्हणायची. आणि दर रविवारी काहीतरी मधे निघायचं.

ती गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा ताई म्हणाली, "बाबा, चला. आईचं राहिलंय, आपण तरी बघून येऊ." बरोबर तिची चिमणी. वय सहा, तोंड साठ.

आत लांबलचक जेवणाचं टेबल. ताटं मांडलेली, आणि कुणी बसू नये म्हणून खुर्च्यांना दोऱ्या.

चिमणी म्हणाली, "आजोबा, यांचे पाहुणे अजून आलेच नाहीत?"

ताई हसली. काका नुसते त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले.

जिन्यात पहिल्यांदा झालं ते.

काका सवयीने भराभर चढून गेले. मागे पावलं वाजली... एक जोरात, एक हलकं. एक जोरात, एक हलकं.

दुखऱ्या गुडघ्याची माणसं तशीच चढतात.

काकांनी वळून पाहिलं. जिना रिकामा. ताई आणि चिमणी अजून खाली आरशापुढे वेडावून दाखवत होत्या.



बागेत एक भूलभुलैया आहे. डोक्याहून उंच, दाट झुडपांच्या भिंती, त्यात अरुंद वाटा. मधोमध लाकडी मचाण. वर एक माणूस भोंगा घेऊन बसतो. कुणी हरवलं की वरून वाट सांगतो.

"बाबा, तुम्ही नका जाऊ. चुकाल."

"पोस्टमनला वाट शिकवतेस?"

"हो का? आणि परवा माझ्याऐवजी शेजारच्यांची बेल वाजवलीत ती?"

"त्यांनी दाराचा रंग बदलला, त्याला मी काय करू!"

गेले तिघं आत. चिमणी उंदरासारखी पळाली, तिच्यामागे ताई. दोघी लगेच बाहेर पडल्या.

काका हरवले. जन्मात पहिल्यांदा.

हळूहळू बाहेरचा गलका ऐकू येईनासा झाला. पाखरंही गप्प. आणि मग मागे...

एक जोरात, एक हलकं.

तेवढ्यात वरून भोंगा वाजला. "ओ टोपीवाले काका! उजवीकडे वळा. हां. आता सरळ."

काका सुटले. त्यांना तिथून फक्त बाहेर पडायचं होतं.

"अहो काका, जरा हळू! तुमच्या बाई मागे राहतायत."

काका थांबले. वळले. झुडपं आणि वाट. कुणी नाही.

"कुठल्या बाई?"

"त्या मोरपंखी स्वेटरवाल्या. मघापासून तुमच्या मागे आहेत की. गुडघ्यावर हात ठेवून उभ्यात बिचाऱ्या. दम लागलाय त्यांना."

मोरपंखी स्वेटर मावशीने स्वतः विणला होता. दवाखान्यात जाताना तोच घातला होता. आता तो ताईच्या कपाटात घडी घालून ठेवलाय.

मी काकांना विचारलं, तेव्हा घाबरला नाहीत?

म्हणाले, "भीती नाही रे वाटली. लाज वाटली. तिथेही मी पुढेच होतो."

काका उभे राहिले.

"हां, निघाल्या. आल्या... आल्या जवळ. चला आता, पण हळू."

काका चालायला लागले. इतकं हळू ते कधीच चालले नव्हते. एक हात मागे केला, लहान पोराला बोट द्यावं तसा.

वरून हसण्याचा आवाज आला. "असं! धरला बघा त्यांनी हात. डावीकडे घ्या."

हाताला काहीच लागत नव्हतं. पण काकांनी मूठ आवळली नाही. आवळली असती तर रिकामी आहे हे कळलं असतं.

शेवटचं वळण आलं. समोर बाहेरची वाट, ताई, चिमणी. बाग बंद होण्याची घंटा वाजत होती.

"काका, त्या थांबल्या..."

"का?"

"काय माहीत. हात करतायत. तुम्ही व्हा पुढे, असं."

काका जागचे हलले नाहीत. ताईने बाहेरून ऐकलं, आपले बाबा रिकाम्या वाटेकडे तोंड करून लहान मुलासारखे हट्ट करत होते, "नाही. मी नाही जाणार पुढे. आधी तू ये. मी थांबतो ना... बघ, थांबलोय मी."



मग भोंगेवाला शिडी उतरून खाली आला. आत जाऊन वाट न् वाट पालथी घातली. परत आला तेव्हा तोंडावर रंग नव्हता.

"आत कुणी नाही. उतरताना शिडीकडे वळलो तेवढीच नजर हलली माझी. कोण होत्या त्या?"

ताई म्हणाली, "आई."



ताईने आत जाऊन काकांचा दंड धरला. काका उलटे चालत बाहेर आले. त्यांना मावशीकडे पाठ करायची नव्हती.

तेव्हापासून काका हळू चालतात. काठी टेकणारी म्हातारी माणसंही त्यांना मागे टाकतात.

दर रविवारी ते आमच्याकडे येतात. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. ते गेटपाशी थांबतात आणि हाक मारतात, "खिडकीत ये रे."

मी जातो. ते गेटपासून जिन्यापर्यंत चालतात. एक हात मागे. मग वर बघतात.

"दिसलं का रे काही? वरून दिसतं."

"नाही काका."

त्यानंतरचा त्यांचा चेहरा मला बघवत नाही. माझी आई, म्हणजे मावशीची सख्खी बहीण, पदराआडून म्हणते, "एकदा हो म्हण की मेल्या, तुझं काय जातं?"

पण खरं सांगू? मी कधी बघितलंच नाहीये.

काका चालायला लागले की मी डोळे मिटून घेतो. नाही दिसली तर काय सांगायचं ते मला माहीत आहे. दिसली तर...

गेल्या रविवारीही डोळे मिटलेलेच होते. खालून काकांची चप्पल घासत गेली. ती मी ओळखतो. आणि तिच्यामागे...

एक जोरात. एक हलकं.

"दिसलं का रे?"

"नाही काका," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते.

उद्या परत रविवार आहे.