धुराचा मूळ देश

खूणमापकावर लाल दिवा लागला आणि डॉ. इरावती पाचपांडे यांच्या कपाळाची शीर उठली. यंत्राखाली रावेरचं कापड होतं, केळीच्या खोडातून काढलेल्या धाग्याचं. बंदरातली ही प्रयोगशाळा उत्तर व्यापारसंघाने, म्हणजे श्रीमंत देशांच्या टोळक्याने, मदत म्हणून बांधून दिली होती. मदतीला अट अर्थातच होती. इथे ‘काळा’ ठरलेला माल संघाच्या बाजारात पाऊल ठेवणार नव्हता.

कापड विणणाऱ्या महिला संस्थेच्या प्रमुख वत्सलाताई भंगाळे दाराशी उभ्या होत्या. माल याही वेळी नाकारला गेला, तर माग बंद पडणार आणि बायका पुन्हा ट्रकमध्ये केळी भरायला जाणार होत्या. हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

“हातमागाचं कापड, उन्हात वाळवलेला धागा. यात कोळशाचा धूर आला कुठून?” इरावतीबाईंनी विचारलं.

संघाचे निरीक्षक डॉ. लिंडर सौजन्याने हसले. “प्रत्येक देशाच्या इंधनात आम्ही त्या देशाची केंद्रखूण घालतो. ती कार्बनच्या अणुकेंद्रकात बसते. जाळा, कुटा, पुरा, पुसली जात नाही. धुरात ज्याची खूण, त्याने भरपाई द्यायची. ज्याच्या हवेत तो धूर सापडला, त्याला ती मिळायची. आणि मालात खूण सापडली, तर तो माल धुरावर पोसलेला. यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र फक्त खूण आहे एवढंच सांगतंय. कोणाची, ते तुम्ही त्याला विचारलेलंच नाही.”

विचारायची गरजच कुणाला वाटली नव्हती. गरिबाचा माल, म्हणजे धूरही गरिबाचाच, हे गृहीत धरून सगळं चाललं होतं. इरावतीबाईंनी खुणा पहिल्यांदा वेगळ्या करून पाहिल्या. दहातल्या आठ खुणा संघाच्या निघाल्या. कारण शाळेतल्या पोरालाही कळावं असं होतं. झाड आपलं अंग हवेतल्या कार्बनपासून घडवतं. यांच्या धुराड्यांतला धूर जगभर पसरला, तो रावेरच्या केळीने गिळला, आणि त्याबद्दल दंड केळीलाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

त्यांनी संघाच्या लवादापुढे दाद मागितली आणि पुरावा मान्य झाला. कापड काळं नाही, असा निकाल आला. रावेरमध्ये पेढे वाटले गेले. मग निकालाचं दुसरं पान आलं.

व्यापारात ‘मूळ देश’ नावाचा जुना नियम आहे. संघाने लावलेला त्याचा अर्थ असा: कच्चा माल ज्याचा, उत्पादन त्याचं. लवादाने म्हटलं होतं की कापडातल्या ज्या कार्बनचा उगम सिद्ध होतो, त्यातला बहुतांश संघाचा आहे, आणि बिनखुणेच्या कार्बनला कुणी वाली नसल्याने तो मोजता येत नाही. सबब, कापड संघाचं आहे. रावेरने त्यावर फक्त प्रक्रिया केली. मजुरी मिळेल, ती किती हे संघ ठरवेल. पुरावा म्हणून इरावतीबाईंचाच अहवाल जोडला होता.

हे सांगायला त्या स्वतः रावेरला गेल्या. आवारात नव्या कापडाच्या गाठी रचलेल्या होत्या. वत्सलाताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे पानी आमचं, वावर आमचं, हात आमचे, अन् कापड त्यायचं?”

“हो.”

“कोन्या तोंडानं म्हनतात हे?”

इरावतीबाईंना रडू आलं नाही, संताप आला. कायदा यांनीच लिहायचा, यंत्र यांनीच द्यायचं, निवाडाही यांनीच करायचा. आणि त्या संतापातच त्यांना एक गोष्ट दिसली. त्यांनी लिंडरना फोन लावला आणि गाठी जाळणार असल्याचं सांगितलं.

“ते कापड आमचं आहे,” लिंडर म्हणाले.

“म्हणूनच त्याचा धूरही तुमचा. खूण तुमची, हवा आमची. भरपाई कोणी कोणाला द्यायची, ते तुम्हीच मला शिकवलंत.”

पलीकडे लिंडर आकडे मांडू लागले. दुबळ्यांना चेचायचं म्हणून संघाने भरपाईचा दर असा काही चढवला होता की एका गाठीच्या धुराला दहा गाठींची किंमत पडत होती. “नियमात बसतं,” अखेर लिंडर म्हणाले. “पण तुम्ही आयुष्यभर धुराविरुद्ध काम केलं आहे, डॉक्टर.”

इरावतीबाईंनी फोन ठेवला. माणूस खरं बोलला होता, म्हणून जास्तच झोंबलं. धूर मोजायला त्यांनी सोबत आणलेलं फिरतं खूणमापक आवारात मांडलं आणि बायकांना सगळं समजावून सांगितलं. कुणी पुढे येईना. प्रत्येकीला गाठीतली आपली वीण ओळखू येत होती. जाळा, हा शब्द इरावतीबाईंच्या तोंडून निघेना.

वत्सलाताईंनी वरच्या गाठीतून एक कापड ओढून काढलं. ते त्यांनी स्वतः विणलेलं होतं. काठावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, ते जमिनीवर टाकलं आणि काडी ओढली.

“घ्या म्हना, तुमचं तुमाले,” त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला त्या थांबल्या नाहीत. “आना गं बायाहो, बाकीच्या गाठी आना.”