मागच्याची घंटा

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी वाद घालणार नाही. सत्तरी ओलांडली आहे, आता गोष्टी रचून मला कोणाची शाबासकी मिळवायची नाही.

आयुष्यात मी एक मोठं खोटं बोललो. ते याच गोष्टीत आहे.

तारीख पक्की आठवते. १ जानेवारी १९७६, गुरुवार. त्या वर्षी येळवस त्याच दिवशी होती. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. आणि अमावस्याच ती, तेव्हा रात्री चंद्र नव्हता हे सांगायला नको.

ठिकाण सोलापूर-होटगी रस्ता. आमचं गाव होटगीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. नाव मुद्दाम लिहीत नाही. यातलं एक माणूस अजून तिथेच आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. सोलापुरात एका गिरणीत दुसऱ्या पाळीला होतो. रात्री बाराला भोंगा झाला की सायकलवरून घरी. सोबतीला शेजारचे मडिवाळप्पा अण्णा. आमची आणि त्यांची भिंत एकच. मला गिरणीत चिकटवलं तेही त्यांनीच. चाळिशीचा माणूस, बोलायला कमी, पण रोज मला घरापर्यंत पोचवल्याशिवाय स्वतःच्या दारात पाय ठेवायचे नाहीत.

अण्णांच्या सायकलला डायनामो होता. माझ्या सायकलला काही नव्हतं.

आजच्या पोरांना डायनामो ठाऊक नसेल म्हणून सांगतो. चाकाला घासणारी छोट्या बाटलीएवढी वस्तू. चाक फिरलं की ती घर्र... करायची आणि पुढचा दिवा लागायचा. चाक थांबलं की दिवा गेला.

एवढं लक्षात ठेवा.

नाक्यावर एक हवालदार असायचा. बिनदिव्याची सायकल दिसली की चाकाची हवा सोडायचा. म्हणून नाका आला की मी खाली उतरायचो आणि सायकल हातात धरून मान खाली घालून चालायचो. चालणाऱ्याला दिवा लागत नाही ना! नाका मागे पडला की परत टांग. त्या हुशारीचा मला फार अभिमान होता.

बिनदिव्याचं पुढे कसं जायचं, त्याची गिरणीवाल्यांची एक रीत होती. एका दिव्यावर दोघं-तिघं जायचे. दिवेवाला पुढे, बिनदिव्याचे त्याच्या मागे. पुढच्याला सारखं मागे बघता येत नाही, म्हणून घंटा. ठरलेल्या जागी पुढचा थांबायचा आणि एकदा घंटा वाजवायचा. म्हणजे, आहेस का? मागचा एकदा वाजवायचा. म्हणजे, आहे.

मागच्याची घंटा आली नाही तर पुढच्याने हलायचं नाही. माघारी फिरून शोधायचं. ही रीत कोणी मोडत नसे.

आमच्या जागा तीन. रेल्वे फाटक, नाल्यावरची मोरी आणि गावची वेस.

त्या दिवशी दुपारी शेतात जेवून आम्ही दोघं कामाला गेलो. नागव्वा वैनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी आणि बाजरीचे उंडे बांधून दिले होते. मधल्या सुट्टीत ते खाताना अण्णा म्हणाले,

"तम्मा, दिवाळीला दिवा घेतो म्हणालास. संक्रांत आली की."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ते मला कधी नावाने हाक मारत नसत.

"तुमचा हाय की अण्णा," मी हसलो.

"माझा हाय रे. पन मी रोज असंन का?"

बाजूला बसलेल्यांपैकी एकजण खिदळला. "अण्णा, त्याला कासऱ्याला बांधूनच न्या. वासरू लई लहान हाय."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला झोंबलं. बावीस वर्षांचा गडी मी, आणि तीन-तीन ठिकाणी माझी मोजणी?

आज घंटाच द्यायची नाही, असं मी तिथेच ठरवलं. जरा गंमत.

रात्री निघालो. थंडी कडाक्याची. नाका गेला, फाटक गेलं. फाटकावर मी गुमान घंटा दिली. पुढे अण्णांचा दिवा आणि ती घर्र... बाकी सगळा काळोख.

मोरीच्या जरा अलीकडे मी हळूच मागे राहिलो. सायकल उचलून बाभळीच्या झुडपामागे नेली आणि तिथे बसलो.

पुढे मोरीवर घर्र थांबली. दिवा विझला.

एक घंटा.

मी तोंडावर हात दाबून हसत होतो.

परत एक घंटा...

"तम्मा?"

मी झुडपामागे आणखी खाली वाकलो.

मग घर्र सुरू झाली. दिवा वळला आणि माझ्याकडे यायला लागला. अण्णा माझ्यापासून चार हातांवरून गेले. मी त्यांचा चेहरा पाहिला. रागाचा नव्हता, घाबरलेला होता. "तम्मा... कुटं हायस रे?" असं म्हणत ते शहराच्या दिशेने गेले.

तेव्हाच पुढे यायला हवं होतं मी. नाही आलो. उलट सायकल काढली, मोरी ओलांडली आणि अंधारातच गावाकडे निघालो. म्हटलं, आधी घरी जाऊन ओट्यावर बसतो. आल्यावर बघू वासरू कोण आहे ते.

थोडं पुढे गेलो असेन. मागे घर्र ऐकू आली. अण्णा परत फिरले होते. आवाज मोरीपाशी आला. माणूस कडेकडेने, झुडपांत बघत येत असणार...

धप्प.

आणि घर्र बंद.

मी पाय थांबवले. कान दिले. त्या मोरीला कठडा नव्हता, हे मला ठाऊक होतं. रोज जात होतो तिथून.

एक घंटा आली. अगदी बारीक.

मी स्वतःला म्हणालो, थांबलेत आणि नेहमीसारखी घंटा देतायत. बस्स. माझा हात माझ्या घंटेवर होता. अंगठा खटक्यावर होता.

मी वाजवली नाही.

आता माघारी गेलो तर शिव्या खाव्या लागतील, या भीतीने मी जोरात पायडल मारायला लागलो. बिनदिव्याने. रस्ता दिसत नव्हता, नुसता अंदाज. वारा कानात शिरत होता.

अचानक माझ्या पुढचा रस्ता उजळला.

दिवा माझ्या मागून येत होता. आणि त्या उजेडात, पुढच्या चाकापासून दोन हातांवर, खडीचा ढीग! रस्त्याच्या कामासाठी टाकलेला, कमरेएवढा. मी हँडल फिरवलं. सायकल खडीला घासून गेली, गुडघा सोलला, पण वाचलो. त्या वेगात त्याच्यावर गेलो असतो तर मान मोडली असती.

"अण्णा, आलात व्हय!" मी मागे न बघताच ओरडलो. जीव भांड्यात पडला होता.

उत्तर आलं नाही.

दिवा माझ्या मागोमाग येत राहिला. अण्णा कधी मागे राहत नसत. पण मला वाटलं, रुसलेत. मी मुकाट्याने त्या उजेडात सायकल चालवत राहिलो.

बऱ्याच वेळाने काहीतरी खटकायला लागलं. काय ते कळेना.

मग कळलं.

घर्र नव्हती.

माझ्या चेनची करकर होती. माझा श्वास होता. मागून मात्र काहीही आवाज नव्हता. टायरखाली खडा वाजत नव्हता, पायडल कुरकुरत नव्हतं. नुसता उजेड.

वेस आली. मी उतरलो. वळून पाहिलं.

दिवा वीसेक हातांवर थांबला होता. थांबला होता... आणि लागलेला होता.

जरासुद्धा मिणमिणत नव्हता. त्याच्यामागे सायकल दिसत नव्हती. माणूस दिसत नव्हता.

"अण्णा?"

एक घंटा वाजली.

वेस ही आमची तिसरी जागा. मी उत्तर द्यायचं होतं. पण मी सायकल तिथेच टाकली आणि पळत सुटलो.

दाराची कडी घालतोय तोवर भिंतीपलीकडून वैनींचा आवाज आला. त्या जाग्याच असायच्या.

"तम्मा, आलास? हे कुटं हायत?"

सांगायचं होतं. आत्ता सांगितलं तर चार माणसं कंदील घेऊन मोरीवर जातील, हे मला कळत होतं. पण मग मी लपलो होतो हेही सांगावं लागणार. आणि वेशीत दिवा होता की! म्हणजे अण्णा आलेच आहेत, असं मी मलाच समजावत होतो.

"येत्यात वैनी," मी म्हणालो. "मोरीवर घंटा दिलो की त्यांस्नी. मागनं येत्यात."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. "तू झोप."

ते खोटं हेच.

मी झोपलो नाही. रात्रभर वेशीकडून घंटा येत होती. एक. मग बराच वेळ काही नाही. मग परत एक... पहाटे कधीतरी ती थांबली.

उजाडताना संगप्पा नावाचा मेंढरंवाला धावत आला. अण्णा मोरीखाली कोरड्या नाल्यात पडले होते. कंबर मोडली होती. सायकल अंगावर होती आणि डायनामो तुटून बाजूला पडला होता.

संगप्पा सगळ्यांना एकच गोष्ट परत परत सांगत होता. "आंग कोमट होतं हो. आत्ता आत्ताच गेल्यालं वाटतंय. आन् अंगठा घंटेवर..."

मोरी ते वेस दोन मैल आहे. तिथली सायकलची घंटा गावात ऐकू येत नाही. मी नंतर एका माणसाला तिथे उभं करून, वाजवायला लावून पाहिलं आहे. नाही ऐकू येत. मग मी रात्रभर काय ऐकलं?

आणि माणूस पहाटेपर्यंत जिवंत होता, तर माझ्या मागून मध्यरात्री कोण आलं?

मला याचं उत्तर कोणी देऊ नये. मी सगळी देऊन पाहिली आहेत.

तेराव्यानंतर मी डायनामो घेतला. तो एकदाही लावला नाही, कारण त्यानंतर रात्री मी सायकलला हातच लावला नाही. पाळी बदलून घेतली. पुढे गिरणी बंद पडली, लग्न झालं, मुलं झाली. वैनींचं शेत मी बघितलं, दुखणीखुपणी काढली. गाव म्हणायचं, शेजारी असावा तर असा. मला ते ऐकवत नसे.

आणि दर येळवशीला, मध्यरात्रीनंतर, वेशीतून एक घंटा येते.

घरात कोणालाच ऐकू येत नाही. बायको म्हणते, कानाला झालंय तुमच्या काहीतरी. मी उशी डोक्यावर घेऊन पडून राहतो.

गेल्या येळवशीला मात्र वेगळं झालं. घंटा वाजली, आणि लगेच माझ्या दारावर थाप पडली.

नागव्वा वैनी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आलेल्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. अण्णांच्या सायकलची घंटा. तेल देऊन लख्ख ठेवलेली.

"तम्मा," त्या म्हणाल्या, "ते अजून उबं हायत की रे वेशीत."

मी घंटा मुठीत घट्ट धरली.

"मी वाजिवते दर साली. माझी न्हाय चालत त्यांस्नी. मागच्याचीच लागती."

"वैनी, तुमाला..."

"तू त्या राती मोरीवर खरंच घंटा दिला असतास तर ते सोडून गेले असते का तुला? घरला आले असते दोघं मिळून." आवाजात राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी रडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या पायाशी बसून.

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "पहाटंच कळलं मला. पन तू लेकरू हुतास. आता म्हातारा झालास. दे की."

बाहेर परत एक घंटा वाजली.

मी वाजवली नाही. धीर झाला नाही.

कारण रीत मला अजून पाठ आहे. मागच्याची घंटा आली की पुढचा निघतो. आणि तो निघाला की मागच्याने त्याच्या दिव्यामागे जायचं असतं.

ही घंटा आत्ता माझ्यासमोर आहे. उद्या येळवस. शेतात जायची तयारी चालली आहे, सुना उंडे करतायत. मघाशी वैनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "तम्मा, उद्या वाजिवणार न्हवं?"

मी "व्हय" म्हणालोय.

खरं बोललो की परत खोटं, ते मलाच अजून कळलेलं नाही.