जित्याची खोड

कासार पेठेत आता कुणी एक काम दोनदा एकाच पद्धतीनं करत नसे. केलंच, तर शेजारी येऊन झापत. भाकऱ्या कधी पहाटे भाजल्या जात, कधी भर दुपारी. पाण्याला जाताना लोक एकदा बोळातून जात, एकदा पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांवरून. वृषाली बाहेर पडण्याआधी डाव्या चपलेत खडा टाकी, म्हणजे चाल लंगडी होई. डाव्या हातानं भाजी चिरायला ती शिकली होती आणि बोलायची ती घोगऱ्या, दबक्या आवाजात. पूर्वी हीच बाई गच्चीवरून हाक मारायची तेव्हा पलीकडच्या आळीतला माणूस दचकून ओ देत असे.

बॉम्बहल्ल्यांचं हे दुसरं वर्ष होतं. शत्रूचे टेहळे, म्हणजे ढगांच्याही वर तरंगणारी परातीएवढी यंत्रं, सतत शहरावर नजर ठेवून असत. घरं किती आणि कुठं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. चुलीची ऊब, पावलांनी हलणारी जमीन आणि माणसांचे आवाज ते टिपत. त्यावरून शत्रूच्या देशातलं एक महायंत्र प्रत्येक माणसाचा ‘दिनठसा’ तयार करी.

“बोटाचा ठसा असतो ना, तसा दिवसाचा ठसा,” डॉ. उर्मिला शेजवळ सुरुवातीला पेठेच्या तळघरात लोकांना समजावत होत्या. सवयींच्या अभ्यासात त्यांचं आयुष्य गेलं होतं. “कधी उठता, कसं चालता, चूल कधी पेटवता. दोन माणसांचा दिवस कधी सारखा नसतो.”

“पण मॅडम, आम्ही इथं खालीच लपून राहिलो तर?” वृषालीनं विचारलं होतं.

“राहाल की. पण भाकरी भाजायला वर याल, आणि कधी याल ते तुमच्या आधी त्या यंत्राला कळेल. भिंत लपवता येते, वृषालीताई, सवय लपवता येत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. शत्रूनं त्या म्हणीचा बॉम्ब केलाय.”

“मग करायचं तरी काय?”

“ती खोड उचलायची आणि दुसरीकडे नेऊन ठेवायची.”

नदीपलीकडची गिरणीवस्ती केव्हाच रिकामी झाली होती. तिथल्या खोल्यांत शेजवळबाईंनी ‘ठसेघरं’ उभारली. चुलीच्या जागी तापणाऱ्या पट्ट्या, जमिनीवर पावलं टाकणारे यांत्रिक पाय, आवाजासाठी भोंगे. एखाद्या माणसाचा दिवस त्यात भरला की तो रिकाम्या खोलीत रोज जगला जाई. टेहळ्यांना वाटे, माणूस तिथंच आहे, आणि बॉम्ब तिथं पडत. अट एकच होती. एक ठसा दोन ठिकाणी दिसला की सगळं बिंग फुटणार, म्हणून ज्यानं आपला दिवस दिला त्यानं तो पुन्हा जगायचा नाही.

वृषालीनं पहिला ठसा दिला, कारण तिच्याइतकी वक्तशीर बाई पेठेत दुसरी नव्हती. मग घरोघर फिरून तिनं इतरांना राजी केलं. कुणाला गोडीगुलाबीनं, कुणाला चार शब्द सुनावून. तेव्हापासून कासार पेठेवर बॉम्ब पडला नव्हता. तळघरात बाळंतिणी होत्या, जखमी होते, एक शाळासुद्धा भरत होती.

हिशेब चुकला तो अण्णांच्या बाबतीत.

अण्णा वृषालीचे सासरे. जन्मभर त्यांनी एसटी चालवली आणि म्हातारपणी त्यांची स्मरणशक्ती विरत गेली. पाण्याचे पाइप दुरुस्त करताना मुलगा पहिल्याच हल्ल्यात गेला, हेही त्यांच्या लक्षात राहत नसे. चेहरे तर ते फार आधीच विसरले होते. पण सून त्यांना पक्की ओळखू येई. जिन्यावरच्या तिच्या झपझप पावलांवरून, भांड्यांच्या आवाजावरून आणि संध्याकाळच्या “अण्णा, चहा झालाय” या हाकेवरून. आता नेमकं तेच सगळं नदीपलीकडे जाऊन बसलं होतं. घरात उरली होती एक लंगडणारी, घोगरी बाई.

“बाई, आमची सूनबाई कधी येणार हो?” ते विचारत.

“अण्णा, मीच वृषाली.”

अण्णा सौजन्यानं हसत. “थट्टा करता होय गरिबाची? आमची सूनबाई लंगडत नाही.”

एका संध्याकाळी वारा नदीकडून वाहत होता. वृषाली पाणी घेऊन आली तर अण्णांची खाट रिकामी. तिनं कान दिला. वाऱ्यावर तिचीच हाक येत होती. अण्णा, चहा झालाय.

ती पुलावरून धावत सुटली. खडा टोचत होता, पण तो काढायला ती थांबली नाही, आणि तो काढायचाही नव्हता. अण्णा तिच्या ठसेघराच्या पायरीवर निवांत बसले होते. आत पावलं वाजत होती. आपली चाल इतकी ठाम होती हे तिला आज कळलं, आणि त्या रिकाम्या खोलीचा तिला सरळसरळ हेवा वाटला.

“आत सूनबाई आहे,” अण्णा म्हणाले. “चहा टाकलाय तिनं.”

तेवढ्यात इशाऱ्याचा भोंगा वाजला. हल्ला येत होता. वृषालीनं त्यांचा दंड धरला, तसा त्यांनी तो झटकला.

“परक्या बाईबरोबर मी कुठं येऊ? काहीतरीच तुमचं.”

आपल्या खऱ्या आवाजात एक हाक मारली असती तर ते मुकाट्यानं मागे आले असते. हाक ओठांपर्यंत आलीही होती. पण वर टेहळे ऐकत होते, आणि नदीच्या त्या तीरावर अख्खी पेठ होती. तिनं ती हाक गिळली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “सूनबाईंनीच पाठवलंय मला. दूध संपलंय, अण्णांना घेऊन दूध आणा म्हणाल्या.”

“मग आधी नाही का सांगायचं?” म्हणत अण्णा उठले.

ते पुलाखालच्या खंदकात शिरले न शिरले तोच गिरणीवस्तीवर बॉम्ब कोसळले. धूळ खाली बसली तेव्हा खोल्यांची ती रांग नाहीशी झाली होती.

“आत होती हो ती,” अण्णा म्हणाले आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. वृषाली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजवळबाई आल्या. त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती.

“महायंत्रानं तुमचा ठसा खोडला. त्याच्या लेखी तुम्ही गेलात.”

“म्हणजे मी सुटले? आता अण्णांना माझ्या हातचा चहा देऊ शकते?”

“उलट आहे, ताई. मेलेली बाई चालताना-बोलताना दिसली, तर त्याला पेठेतल्या सगळ्याच ठशांचा संशय येईल.”

“कधीपर्यंत?”

“युद्ध संपेपर्यंत. नंतरचं मला खरंच सांगता येत नाही. ते यंत्र काही विसरत नाही.”

वृषाली “बरं” म्हणाली आणि हंडा घेऊन पाण्याला गेली.

अण्णा मात्र सकाळी जेवलेलं दुपारी विसरत, पण सून गेली हे विसरले नाहीत. दहाव्या दिवशी तिचा पिंड ठेवायचाच म्हणून ते हट्टालाच पेटले. भटजी कुठून आणायचे? वृषालीनंच शिधावाटपातल्या मूठभर तांदळाचा भात केला, त्याचा पिंड वळला आणि गच्चीच्या पडक्या कठड्यावर ठेवला. दोन-चार शेजारी खाली मान घालून उभे होते. ही बाई कोण, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

शहरात उरलेल्या कावळ्यांपैकी एक समोरच्या खांबावर येऊन बसला, पण खाली येईना.

“मन अडकलंय तिचं,” अण्णा व्याकूळ होऊन म्हणाले. “कशात अडकलंय कोण जाणे. बाई, तुम्ही ओळखत होता ना तिला? तुम्हीच सांगा तिला काहीतरी.”

मन कशात अडकलं होतं, हे वृषालीला कुणी सांगायला नको होतं. तिला एकदा, फक्त एकदा, मोकळ्या गळ्यानं अण्णांना हाक मारायची होती. तिनं खालच्या तळघराकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. मग कठड्यापाशी जाऊन हात जोडले.

“वृषाली,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “अण्णांची काळजी करू नकोस. त्यांना काही कमी पडू देणार नाही मी. तू जा आता.”

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

“सुटली पोर,” म्हणत अण्णांनी डोळे पुसले. शेजारी एकेक करून खाली निघून गेले. अण्णा बराच वेळ वृषालीकडे पाहत होते.

“फार केलंत हो आमच्यासाठी,” ते म्हणाले. “तुमचं नाव काय, बाई?”

वृषालीनं जरासा विचार केला आणि मनात आलेलं पहिलं नाव त्यांना सांगितलं.