सात पिवळ्या गोळ्या

रिपोर्ट हातात पडला आणि डॉक्टरांचा पारा चढला. बारकीच्या रक्तात विषाणू पुन्हा बोकाळला होता. पंधरा वर्षांची पोर, जन्मापासून एचआयव्ही, आईबाप दोघंही गेलेले, मावशीकडे वाढलेली. सहा महिन्यांत पाच किलो वजन उतरलं होतं.

"सरळ खोटं बोलतेय. गोळ्या बेसिनमध्ये जात असणार," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी औषध बदलतो. तेही वाया घालवलं, तर माझ्याकडे पुढे काही नाही."

बाटली मात्र वेगळंच सांगत होती. तिच्या झाकणात एक यंत्र होतं, झाकण कधी उघडलं ते टिपणारं. सहा महिने, रोज रात्री आठ. एक खाडा नाही. ताईंनी गोळ्या ताटलीत ओतल्या. गुळगुळीत, पिवळ्या, सात. उरायला हव्या होत्या तेवढ्याच.

ताई म्हणजे दवाखान्यातल्या समुपदेशक. वीस वर्षं पोरांच्या थापा ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी बारकीला एकटीला समोर बसवलं.

"गोळी घेतेस?"

"रोज. मावशी बाटली उघडते, हातावर ठेवते. मी तिच्यासमोर गिळते."

"झोप?"

"आता मस्त लागते. आधी गोळीने कसली कसली स्वप्नं पडायची, ती थांबली."

"आणि चव?"

"चुन्यासारखी. पण कंपनी बदलली की गोळी बदलते, घाबरायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं खरं. प्रत्येक पोराला सांगायच्या त्या. ताईंनी औषधांच्या खिडकीवर जाऊन विचारलं. वर्षभरात कंपनी बदललेलीच नव्हती.

त्या तडक बारकीच्या घरी गेल्या. दोन खोल्या. मावशी ओट्याशी भांडी घासत होती, तिचा नवरा खुर्चीत पेंगत होता. गेल्या वर्षी हाच माणूस खोकून खोकून काडी झाला होता, पँट कमरेला पिनेने अडकवलेली. आता गाल भरले होते. डोळे तेवढे लाल. झोपेचं खोबरं झालंय, त्याने कुरकूर केली. रोज स्वप्नात कुठल्यातरी गच्चीवरून पडतो म्हणे. ओट्याकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

ताईंनी मावशीला जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"झाकण तुम्ही उघडायचात, म्हणून यंत्रात खाडा नाही. रोज एक गोळी बाहेर यायची, म्हणून मोजणी बरोबर. आम्ही शहाण्यांनी झाकण मोजलं, गोळ्या मोजल्या. हातावर काय पडतं ते कुणी पाहिलंच नाही. पोरीची स्वप्नं गेली आणि तुमच्या नवऱ्याला लागली. तिला काय देत होतात?"

मावशी पायरीवर बसली. "कॅल्शियम."

मग ती बोलत सुटली. नवऱ्याने बाहेर गुपचूप तपासून घेतलं होतं, त्यालाही एचआयव्ही निघाला होता. दवाखान्याच्या रांगेत कुणी पाहिलं तर जीव देईन म्हणाला. तो गेला तर घर कोण चालवणार? पोर तरुण आहे, काढेल कळ, असं वाटलं.

"पोरीला सांभाळीन असा तिच्या आईला तुम्ही शब्द दिला होता," ताई म्हणाल्या. "अहो, औषध फुकट आहे. त्यांनाही. खिडकीवर नुसतं नाव सांगायचं होतं."

मावशीने पदर तोंडात कोंबला. आपलीही तपासणी करायला हवी, हे तिला तोवर सुचलंच नव्हतं. तेही ताईंनीच सांगितलं. बारकीला सगळं सांगायचं, आणि तेही मावशीनेच, हे त्यांनी बजावलं.

सोमवारी डॉक्टरांनी औषध बदललं नाही. जुनं औषध हरलं नव्हतं, ते पोटात गेलंच नव्हतं. त्यांनी बारकीची माफी मागितली, जमेल तशी. नवरा आला नव्हता. मावशी आली होती, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.

ताईंनी बारकीच्या तळहातावर पिवळी गोळी ठेवली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, नखाने खरवडून पाहिली.

"ही खरी आहे ना?" तिने विचारलं.

मावशीच्या हातून घेताना तिने कधीच विचारलं नव्हतं.